मोहाखालची अंगणवाडी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही. ज्या मैत्रिणीबरोबर अठरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, तिलाही नाही. एकदा तोंड उघडलं होतं — तिनं विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, लोणचं दे. बोलताना मी वाक्य ऐन वेळी वळवते, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

मी गडचिरोली जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. वीसेक गावांच्या अंगणवाड्यांना भेट द्यायची, तिथल्या सेविका काम करतात की नाही पाहायचं, वर कळवायचं. माझा बाप गावच्या तलावात जाळं टाकायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए. झाले त्या दिवसापासून बाप मला 'तुमी' म्हणायला लागला. मी कितीदा म्हटलं, बाबा, असं नका म्हणू. ऐकलं नाही. — हे का सांगते आहे? दया यावी म्हणून नाही. मला त्या पदवीचा अभिमान होता, आजही आहे. पण अशा माणसाला चारचौघांत कोणी हसलं तर काय होतं, ते तुम्हाला कळावं एवढंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जिल्ह्याहून सायक्लोस्टाईल केलेलं एक पत्र आलं. निधी आहे तेवढाच राहील, नवीन केंद्रं मिळणार नाहीत. ज्या अंगणवाड्या चालत नाहीत त्यांची नावं कळवा, त्या उचलून मागणी असलेल्या मोठ्या गावांना देऊ. पंधरा दिवसांत प्रत्येक केंद्राला भेट. सोबत छापील नमुना — गावाचं नाव, तारीख, केंद्र सुरू की बंद, आणि शेवटी शेरा.

बैठकीत बाकीच्या पर्यवेक्षिकांनी एकेक-दोनदोन नावं दिली. माझ्याकडं एकही नव्हतं. आमचे साहेब हसून म्हणाले, "काय मॅडम, तुमच्या भागात रामराज्य आहे का? की घरी बसूनच भेटी लिहिता?"

सगळे हसले. मी नाही. मी उन्हातान्हात पायी फिरणारी बाई, मी घरी बसून लिहिते? बैठकीतून उठले तेव्हा मला एक नाव हवं होतं. हे कोणी मागितलं नव्हतं, पण मला हवं होतं.

राहिली होती एकच भेट — जंगलातल्या एका गोंडांच्या टोल्याची, म्हणजे लहानशा वस्तीची. टोल्याचं नाव सांगत नाही. तिथल्या सेविकेला चैतीबाई म्हणू या, तेही तिचं खरं नाव नाही. सातवी शिकलेली, मराठी जपून बोलायची, नोंदवहीतली अक्षरं मात्र मुंग्यांच्या रांगेसारखी सरळ. एसटी डांबरी रस्त्यावर सोडायची; पुढं दीड तास पायवाट. परतीची गाडी तीनला, ती चुकली की मुक्काम.

मार्च संपत होता. मोहफुलांचे दिवस. ते दिवस तुम्ही पाहिले नसतील तर सांगते — फुलं पहाटेपासून गळतात, आणि घरातली सगळी माणसं, तान्ह्या लेकरांसकट, आपापल्या झाडाखाली जाऊन राहतात. वर्षाचा मीठमिरचीचा खर्च ती विकून निघतो. टोला रिकामा होतो.

नाल्यापाशी एक म्हातारा भेटला. पाठीवर रिकामी टोपली. मी विचारलं, अंगणवाडी सुरू आहे का भाऊ?

तो म्हणाला, "गावात कोनी नाई बाई. सारे मोहावर गेले."

मी तिथूनच परत फिरले. नमुन्यात लिहिलं — केंद्र बंद, सेविका गैरहजर, मुले शून्य. शेऱ्याची जागा कोरी ठेवली.

इथं थांबले असते तर ही आळसाची गोष्ट झाली असती. टोल्यात पाऊल न टाकता भेट लिहिली, एवढीच. कित्येक वर्षं मी स्वतःलाही इथपर्यंतच सांगत आले.

पण म्हातारा तेवढंच बोलला नव्हता.

तो पुढं म्हणाला होता, "अंगनवाडीवाली बाईबी तिकडंच हाये. लेकरं, रांधायचा गंज, वजनकाटा — सारं उचलून नेलं तिनं. मोहाखालीच खिचडी शिजवते. चाला ना, मी तिकडंच चाललो. घंटाभराचं हाये."

मी ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकला. काय ती बाई! मुलं अंगणवाडीत येत नाहीत म्हटल्यावर अंगणवाडीच मुलांकडं घेऊन गेली. कोणत्या प्रशिक्षणात हे शिकवलं होतं तिला? मी तेव्हाच ओळखलं होतं — माझ्या साऱ्या भागात याहून चांगलं चाललेलं केंद्र नाही. आणि त्याच क्षणी मनात आलं — पण गावातलं दार तर बंद आहे ना? नमुन्यात दाराचंच विचारलंय.

गाडी चुकेल म्हणून फिरले, असं म्हणू शकते. गाडीला पाच तास होते. मला नाव मिळालं होतं, म्हणून फिरले.

पंधरवड्यानं साहेबांनी चैतीबाईला कार्यालयात बोलावलं. ती नोंदवही पदराखाली धरून आली, टेबलासमोर उभी राहिली. खुर्ची कोणी दिली नाही — मीही नाही.

"बंद नोती साहेब," ती म्हणाली. "मोहाखाली होती."

साहेबांनी चष्मा काढला. "मोहाखाली अंगणवाडी? आणि पोरांना काय पाजत होती मग — पहिल्या धारेची?"

सारं कार्यालय हसलं. बाबू हसले, शिपाई हसला. — मी हसले. बैठकीत मला हसले होते तशीच मी तिला हसले. तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं नोंदवही उघडून पुढं केली. रोजची हजेरी होती, रोजची वजनं होती. साहेबांनी पानावर नजरही टाकली नाही. ती घाईनं गोंडीत काहीतरी सांगू लागली. गोंडी तिथं कोणाला येत होती?

साहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही स्वतः गेला होतात. तुम्ही पाहिली का मोहाखालची अंगणवाडी?"

पंखा फिरत होता. चैतीबाई माझ्याकडं पाहत होती — भीतीनं नाही, भरवशानं. मॅडम येऊन गेल्या आहेत, मॅडम सांगतील.

मी म्हटलं, "नाही साहेब. मी पाहिली नाही."

यात खोटं काय होतं, सांगा? एकही अक्षर खोटं नव्हतं. मी शिकलेली होते. खऱ्या शब्दांचं खोटं कसं करायचं, ते मला येत होतं. तिला येत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात ती माझी वाट पाहत थांबली होती. वाटलं, आता विचारणार. मी उत्तर जुळवायला लागले. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मॅडम, तुमी इतक्या दुरून चालत आल्या न मी गावात नोती. पानीबी नाई देल्लं तुमाले. राग नोका धरू."

मी म्हटलं, "ठीक आहे, जा." असंच म्हटलं. जा.

पावसाळ्याआधी ते केंद्र रस्त्यावरच्या मोठ्या गावाला दिलं. त्या गावालाही गरज होती. त्यांची मुलं खोटी नव्हती, म्हणून तो हिशेब मला आजही सोडवता येत नाही. वजनकाटा, गंज, सतरंजी बैलगाडीत भरून आणली. चैतीबाईचं मानधन थांबलं. वर्षभरात माझ्या नावावर 'कडक पर्यवेक्षिका' असा शेरा लागला. बापाला फोन करून मी तो वाचून दाखवला. तो म्हणाला, "तुमी शिकल्या म्हनून झालं."

म्हातारा पुन्हा कुठं दिसला नाही. दिसला असता तर मी वाट बदलली असती, याची मला खात्री आहे.

त्या टोल्याला अंगणवाडी पुन्हा मिळाली ती सात वर्षांनी. मंजुरीची फाईल माझ्याच टेबलावरून गेली. 'यापूर्वी केंद्र का बंद झाले' असा एक रकाना होता. मी लिहिलं — प्रतिसादाअभावी.

मधल्या सात वर्षांत तिथं जन्मलेल्या मुलांची वजनं मी एकदा कार्यालयात शोधली. कपाट रिकामं केलं. नव्हतीच. कोणी घेतलीच नव्हती.