ऐकवू का?

इकडे कानडी मुलखात, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात फोनवर मी बसते. इंटरनेटवरचे नवे फोन आले आणि गिऱ्हाइकं साहेबांकडे तक्रार करू लागली, "तुमची बाई फोन उचलून गप्प बसते." घसा कोरडा होईपर्यंत बोलणारी मी! साहेब माझ्या जागी दुसरी बाई शोधायला लागले.

मग फोन दुरुस्त करणारा एक जण आला. चप्पल दाराबाहेर काढून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. मला फोन घ्यायला लावले आणि राउटरच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंनी जाणारं सगळं बोलणं लॅपटॉपवर पकडून ठेवलं. ते रेकॉर्डिंग उघडण्याआधी मात्र थांबला.

"बोलणं तुमचं आहे, अक्का. ऐकू का?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

डोळे मिटून त्यानं ऐकलं, मग हेडफोन माझ्या हातात दिला. "हलो सार, हेळी सार, बोला ना... ऐकू येतंय का, सार?" माझाच आवाज, काकुळतीला आलेला.

"आत तुमचा आवाज आहे, बाहेर नाही. राउटर अडवतोय," तो म्हणाला. "तुम्ही बोलतच होता, अक्का."

मी खुर्चीत टेकले. किती दिवसांनी पाठ सैल झाली.

सेटिंग बदलून त्यानं पुन्हा विचारलं, "साहेबांना ऐकवू का?"

"ऐकवा," मी म्हटलं. "जरा मोठ्यानंच."