छपरं मोजणारे टक्केसाहेब

टक्केसाहेब हे नाव त्यांना कार्यालयातल्या शिपायाने ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पगारपत्रक सोडलं तर खरं नाव कुठे उरलंच नाही. आर्थिक वाढ आणि विकास हा त्यांचा विषय. बायकोने चहा कसा झालाय विचारलं, तरी ते कालच्या तुलनेत सांगत.

त्यांची सगळी कीर्ती एका शोधावर उभी होती. गावोगाव धूळ खात हिंडायला नको; उपग्रहाच्या छायाचित्रात चकाकणारी छपरं मोजली की झालं. हातात पैसा आला की माणूस कौलं काढून पत्रे घालतो, पत्रा चकाकतो, म्हणजे विकास. या हिशोबाने त्यांचं स्वतःचं गावच सहा वर्षांत बेचाळीस टक्के पुढे गेलेलं निघालं. त्यावर लिहिलेल्या निबंधावर आधी प्राध्यापकी मिळाली, मग सल्लागारपद, आणि आता मुख्य सल्लागाराची खुर्ची अगदी हाताशी आली होती. मंत्र्यांचं म्हणणं एवढंच, की नेमणुकीआधी ते गाव एकदा डोळ्यांनी पाहू.

साहेब दोन दिवस आधीच थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, उतरले. याआधी आले होते ते आई गेली तेव्हा, आणि तेही अंगणातूनच परतले होते. आता आत पाहतात तो स्वयंपाकघरात तीन बादल्या नि एक पातेलं, आणि वरून टपटप चालू. नवे पत्रे असून गळतं कसं, असं त्यांनी विचारलं. अक्काने भाजी चिरता चिरता सांगितलं, की खाणीतल्या सुरुंगांनी गावाची कौलं फुटली, म्हणून लोकांनी मिळेल तो पत्रा वर टाकून दगड ठेवले. भरपाईचे अर्जही केले होते. पण गाव पुढारलेलं आहे असा कागद वरून आला आणि अर्ज फेटाळले गेले.

कागद कोणाचा, हे विचारायची सोयच नव्हती.

"मग मला का नाही कळवलंस?"

"तुझं नाव पेपरात आलं होतं. आई ते कात्रण उशाशी घेऊन झोपायची. तिला काय सांगू, पोराने आपलं फुटकं छप्पर मोजलं म्हणून?"

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खुर्ची काही डोळ्यांसमोरून हलेना. दोन दिवस ते कौलं फुटण्यातूनही वाढ होते असं सिद्ध करता येईल का, ते कागदावर मांडून पाहत बसले. सिद्ध होतही होतं. त्या शास्त्रात काय होत नाही!

मंत्री आले, वर बघून खूश झाले. साहेबांनी घसा खाकरला.

"सर, ही वाढ नाही, ही ठिगळं आहेत. मोजणी माझी चुकली."

खुर्ची दुसऱ्याला गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी साहेबांच्या हातात वही देऊन त्यांना दारोदार फेरमोजणीला धाडलं. कुत्री अंगावर घेत, उन्हात करपत त्यांनी ती चोख केली आणि दोनशे अकरा घरांना भरपाई मंजूर झाली. त्या यादीत अक्काचं घर नव्हतं.

अक्काने कारण विचारलं. मदत करू शकेल असा कमावता नातेवाईक असेल तर ते घर वगळायचं, असा नियम होता. तिच्या रकान्यात साहेबांनी अगदी प्रामाणिकपणे भाऊ, सरकारी नोकर, असं लिहिलं होतं.

अक्का आत गेली आणि शिडी घेऊन आली.

"बरोबरच लिहिलंस. आता त्या भावाला म्हणावं, चढ वर."