कपाटाच्या आतलं लाकूड

इथे अमेरिकेत, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत एक काका जुनं फर्निचर दुरुस्त करतात. मूळचे नागपूरचे. कॉलेज सुटलं की मी त्यांच्याकडे काम करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून ते मला 'प्रोफेसरबाई' म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात एक अमेरिकन आजी मुलाबरोबर ड्रॉवरचं कपाट घेऊन आल्या. त्यांच्या पणजीनं ते आयर्लंडहून बोटीतून आणलं, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. आता घर विकून त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या. मुलगा म्हणाला, "खरंच आयर्लंडचं असेल तर मी ठेवतो. नाहीतर हे धूड कुठे ठेवू?"

वरून शंका यावी असं काही नव्हतं. महॉगनीचं व्हिनियर, छान मुरलेलं. पण व्हिनियर म्हणजे वरून चिकटवलेला पातळ पापुद्रा. तो कुठल्याही देशात चिकटवता येतो. खरं बघायचं ते आत, कारण न दिसणाऱ्या भागाला सुतार जवळपास मिळेल ते स्वस्त लाकूड लावतो. आयर्लंडचे जुने सुतार बहुतेक पाइन किंवा ओक लावायचे.

मी पहिला ड्रॉवर उलटा केला. हिरवट-पिवळं लाकूड. पॉप्लर, इथल्या जंगलातलं. वाटलं, एखादी फळी नंतर बदलली असेल. मग सगळे ड्रॉवर काढले, कपाटाची पाठ बघितली. सगळीकडे तेच.

"काका, नक्की सांगता येत नाही असं म्हणू या का?" मी मराठीत विचारलं.

"काहून? दिसून नाही राहिलं का?"

"दिसतंय. पण आजी..."

"मग सांग. कपाट त्यांचं आहे, प्रोफेसरबाई. आपलं नाही."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते धड आठवत नाही, दोनदा अडखळले. आजींनी चष्मा काढून पुसला.

"मग कुठलं आहे?"

"बहुतेक इथलंच. अमेरिकेतलं."

"पण पणजी तर तिकडचीच होती ना?" त्यांनी मलाच विचारलं.

मुलगा तोवर जुनं सामान उचलणाऱ्यांना फोन करायला बाहेर गेला होता. आजींनी सगळ्यात वरचा छोटा ड्रॉवर मागितला. मुलगा परत येऊन म्हणाला, "मॉम, एका ड्रॉवरचं काय करणार तू?" त्यांनी तो माझ्या हातात दिला.

मी तो गाडीपर्यंत नेला. आजींनी मांडीवर घेतला. मुलानं त्याच्यावरूनच सीटबेल्ट ओढून लावला.