खिडकीपाशी मी खोटं बोललो

मित्रांनो, आईचं बारावं होऊन आठवडा झाला. मी दत्तक आहे, हे फक्त आपल्या या दत्तक मुलांच्या गटाला ठाऊक आहे.

आज गोव्यात पेडण्याच्या जन्मनोंदणी कार्यालयात माझा दत्तक जाण्याआधीचा पहिला जन्मदाखला मागायला गेलो. त्यात मला जन्म दिलेल्या बाईचं नाव आहे. रांगेत मागेच शेजारची काकी होती.

कारकुनाने विचारलं, "दाखलो कित्याक होयो रे? पोर्तुगीज पासपोर्टाक?"

परदेशी जायला इथले बरेच जण तो पासपोर्ट काढतात, म्हणून मी "हो" म्हणालो.

आई गेली म्हणून मी देश सोडतोय असं वाटून काकी म्हणाली, "जा बाबा. आता आवय ना, तुका आडवतलो कोण?"

मग पासपोर्टाला लागतो तो नेहमीचाच, दत्तक आईबाबांच्या नावाचा दाखला मिळाला. तो घेऊन मी परतलो.

लाजू नका, हक्काने मागा, असं इथे मीच तुम्हाला सांगत होतो. "मी दत्तक आहे" हे तुम्ही पहिल्यांदा मोठ्याने कसं म्हणालात?