खो-खोचे पाय

नव्वदच्या दशकात सांगलीत एखाद्या मुलीनं टेनिस शिकायचं म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं नसती थेरंच. माझे वडील गुळाच्या पेढीवर कामाला होते आणि मी शाळेच्या खो-खो संघात. शाळेशेजारच्या टेनिसच्या मैदानाची जाळी धरून मी तासन्‌तास उभी राहायची. शेवटी माझ्या हट्टाला कंटाळून वडील मला तिथल्या सरांकडे घेऊन गेले.

सर शिराळ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. टेनिसही फौजेतच शिकलेले. पहिले कित्येक दिवस त्यांनी माझ्या हातात रॅकेट दिलीच नाही. ते चेंडू टाकायचे आणि मी धावत जाऊन तो हातानं झेलायचा. "पाय पोचलं की हात आपसूक पोचतोय," म्हणायचे. मला मनातून चीड यायची. नुसतं झेलायचंच होतं तर क्रिकेट काय वाईट होतं?

रॅकेट मिळाली आणि माझं पितळ उघडं पडलं. एका बाजूला निघाले की निघाले. चेंडू पाठीमागून गेला तरी माझे पाय पुढंच ओढायचे. समोरच्या मुलींना हे लगेच उमगलं. त्या मला एकीकडं पळवायच्या आणि दुसरीकडं निवांत मारायच्या. सर ओरडून ओरडून थकले. एके दिवशी त्यांनी वडिलांना बोलावून सरळ सांगितलं, "आवं, पोरगी चपळ हाय, पर ध्यान न्हाई तिचं. महिना भरला की घिऊन जावा."

वडील नुसतं "बरं" म्हणाले. मला त्या "बरं"चंच जास्त रडू आलं.

त्याच आठवड्यात शेजारीच शाळेच्या मैदानावर आमचा खो-खोचा सामना होता. सर बाजूला उभं राहून बघत होते. सामना संपल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"खो मिळाल्यावर माघारी का फिरत न्हाईस गं तू?"

"फिरलं की फाऊल होतो, सर. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घालूनच यायचं."

सर म्हणाले, "म्हंजी तू चुकत नव्हतीस. नियम पाळत हुतीस."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची भाषाच बदलली. "पाठलाग करू नगंस. आता तू पळणारी हाईस, मागं कुणीतरी लागलंय." खो-खोत पळणारीला असलं बंधन नसतं, ती बसलेल्यांच्या मधून कुठूनही, कशीही वळते. माझ्या पायांना हे ठाऊकच होतं, फक्त टेनिस खेळताना त्यांना कुणी ते विचारलं नव्हतं. मी वळायला लागले. आज मी स्वतः मुलांना शिकवते, आणि एखाद्याची चूक बघून जीभ वळवळली की आधी तो कुठून काय शिकून आलाय ते विचारते. दरवेळी जमतंच असं नाही.

महिना भरला. वडील न्यायला आले तेव्हा मी एका मोठ्या मुलीबरोबर खेळत होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सपशेल हरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हारलीच की," वडील सरांना म्हणाले. "महिना वायाच गेला म्हणायचा हिचा."

"हिचा न्हाई, माझा गेला," सर म्हणाले. "ती कवाच शिकाय लागली हुती. मी आत्ता कुठं शिकवाय लागलोय."

वडिलांनी एकदा सरांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"मग उद्या किती वाजता धाडू?"