तुम्ही दोघी

दौंडच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर दोन मुलं भाड्यानं राहायला आली, तेव्हा आई अर्ध्या भाकरीवर आली होती. मी नेमका आकडा सांगतो, कारण मी मोजत होतो. वडील गेले त्या वर्षी ती दिवसाला दोन भाकरी खायची. मग दीड, मग एक, मग अर्धी. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वय शहात्तर, माणूस असं मिटत जातं. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी करायची. अर्ध्या भाकरीवर माणूस किती दिवस काढेल ही वजाबाकीही मला येत होती, पण मी ती घरात बोलून दाखवत नव्हतो.

मुलं ख्रिस्ती, मॉर्मन पंथाची होती. दौंडात त्यांच्या मंडळीची थोडी घरं आहेत, त्यांच्याकडे जाणं-येणं, प्रार्थना, आजाऱ्याची विचारपूस, असं त्यांचं काम. एक पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटावरचा, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच. दुसरा तेलंगणाचा, त्याला हिंदी येई, मराठी नाही. दोन वर्षं घर सोडून देवाचं काम करायचं असा त्यांचा नेम होता. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी. पट्टीवर आडनाव आणि त्याआधी ‘एल्डर’. एल्डर म्हणजे वडीलधारा, असं त्यांनी सांगितलं. थोरला एल्डर एकवीस वर्षांचा होता.

बायको म्हणाली, “मिसरूड नीट फुटलं नाही आणि म्हणे वडीलधारे!”

पोलीस ठाण्यात त्यांची रीतसर नोंद मीच करून आलो. पण त्यांचे नियम माझ्याहून कडक होते. चहा नाही, कॉफी नाही. सकाळी साडेसहाला उठायचं, मोठ्यानं वाचायचं, अंग घामेजेपर्यंत व्यायाम करायचा. घरी फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी, कपडे धुवायच्या दिवशी. महिन्यातून एका रविवारी उपास, त्यात पाणीसुद्धा नाही. आणि सगळ्यात कडक नियम हा, की दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. न्हाणीघर सोडलं तर एकटं असं राहायचंच नाही. मी खाली दाढी करत असे तेव्हा वर एकदम चार गुडघे जमिनीला टेकल्याचा आवाज येई, मग बराच वेळ काही नाही. त्या शांततेत माझा हात गालावर थांबे. आपल्या डोक्यावर बसून कुणीतरी उत्तराची वाट बघतंय, असं वाटे.

दहाच्या सुमाराला दोघं जिना उतरत. ओट्यावरच्या बाकड्यावर आई बसलेली असे. बेटावरचा मुलगा वाकून हात जोडी आणि वहीतून पाठ केलेलं वाक्य म्हणे. मी सुट्टीला घरी असलो तर मलाही विचारी, “काका, तुम्ही दोघं कसे आहात?” मी म्हणे, आम्ही दोघं बरे आहोत. बायको घरात असे, मुलगा तिचीही चौकशी करतो याचं मला कौतुक वाटे. तो आईला काय विचारतो, याकडे माझं लक्ष नव्हतं.

तीन आठवड्यांत आई दीड भाकरीवर आली.

मला आनंद झाला, पण काट्यावर अचानक वजन वाढलं की दुसऱ्या गाडीचं चाक तर काट्यावर आलं नाही ना, हे आधी तपासायचं असतं. बायकोनं सांगितलं, “आई दोन ताटल्या मागतात. एक डावीकडं ठेवतात. अर्धी भाकरी कुस्करून, दूध घालून. थोड्या वेळानं तीबी स्वतःच खातात.” मग मी नीट पाहिलं. आई आयुष्यभर बाकड्याच्या मधोमध बसत आली. आता ती उजव्या कडेला सरून बसत होती. डावीकडे हातभर जागा मोकळी. भर दुपारी, लख्ख उन्हात, त्या जागेवरच्या माश्या ती पदरानं वारत होती.

“आई, तिथं कोण आहे?”

“तुला न्हाई दिसायची. त्या पोराला दिसती.”

“कोण?”

“तुझी भन,” आई म्हणाली. “रोज इचारतंय की ते, आजी, तुम्ही दोघी कशा हाय? येवढ्या वर्सांत कुनी इचारलं का मला, दोघी म्हनून?”

आम्ही तीन भाऊ. बहीण नाही, हे मी कितीतरी फॉर्मांवर लिहिलं आहे. त्या दुपारी चोपन्नाव्या वर्षी मला कळलं की मी जुळ्यातला आहे. खुटबावला, आईच्या माहेरी, ती आधी झाली, मी पाव तासानं. नवव्या दिवशी ती गेली. बारसं बाराव्या दिवशी, म्हणून तिला नाव नाही. मामांनी तिला मळ्याच्या बांधाला पुरली. बाराव्या दिवशी माझं एकट्याचं बारसं झालं. सव्वा महिन्यानं आई मला घेऊन सासरी, कवठे येमाईला आली, तेव्हा आजोबांनी दारातच सांगितलं, एक आलंय, एकच होतं, पुन्हा विषय नको.

“मग तुझी लेकरं किती, असं कुणी विचारलं की?”

“तीन म्हनायची. आन् मनात म्हनायची, तू रागवू नगो गं.”

“ती आता केवढी आहे?”

आईनं डावीकडे पाहिलं, जणू विचारून सांगते. “कवा नऊ दिसांची आस्ती, कवा तुझ्यायेवढी. आज ल्हान हाय.”

“आणि ती भाकरी?”

“लेकराचं उष्टं आईनंच खायाचं आस्तं.”

मी घाबरलो, पण बहिणीला नाही. चौकशी न करता आलेल्या आकड्याला घाबरलो. मुलगा आईला काही शिकवतोय का, हे बघायचं ठरवलं. कोपऱ्यावर एक चाचा इस्त्रीचं दुकान चालवतात. त्यांच्या चार पिढ्या दौंडातल्याच. मुलांचे पांढरे शर्ट त्यांच्याकडेच जात. मी विचारलं, तो उंच मुलगा तुमच्याशी काय बोलतो?

चाचांनी इस्त्री उभी ठेवली. “आता तुम्ही इचारलं म्हणून सांगतो. पैल्या दिवशी म्हणतो, चाचा, तुम्ही दोघं कसे आहात? म्हणलं, बाबा, चाची जाऊन चार वर्षं झाली, मी एकटाच हाय. हसला आणि म्हणला, चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!”

“मग?”

“मग काय! अल्लाचं नाव घेणारं पोरगं, त्याला दिसत असंल. तवापासून दुकानात शिव्या बंद. चाची मागंच उभी असली तर? जित्तेपणी ऐकून घेतलं न्हाई तिनं, आता काय घेणार!” ते मोठ्यानं हसले. पण हसताना त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.

संध्याकाळी जिन्यात मी मुलाला थांबवलं. जोडीदार दोन पायऱ्या वर उभा राहिला. मुलानं वही उघडली. पहिल्या ओळीत ‘तू’, त्यापुढे मित्र. दुसऱ्या ओळीत ‘तुम्ही’, त्यापुढे मोठे. तिसऱ्या ओळीत ‘तुम्ही दोघं, तुम्ही दोघी’, आणि पुढे रेघ मारून लिहिलेलं, वयानं फार मोठे, जास्त मान.

“हे कुणी शिकवलं?”

“सगळ्यांनी,” तो म्हणाला. “मला सगळे असंच म्हणतात, काका. तुम्ही दोघं या. तुम्ही दोघं बसा. तुम्ही दोघं सरबत घ्या. मला वाटलं, हा मान आहे.”

मला सगळा हिशेब एका क्षणात दिसला. हा मुलगा इथं आल्यापासून एकदाही एकटा कुणासमोर उभा राहिला नव्हता. त्याला नुसतं ‘तुम्ही’ कुणी म्हटलंच नव्हतं. मी त्याला अर्थ सांगितला. आईचं आणि त्या नऊ दिवसांच्या बाळाचंही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तिसरी ओळ त्यानं माझ्यासमोर खोडली. “धन्यवाद, काका,” म्हणाला. “मी नकळत खोटं बोलत होतो.”

चूक सापडली की ती दुरुस्त करायची, एवढंच मला माहीत. मला त्या रात्री झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी दहाला तो वाकला. “आजी, तुम्ही कशा आहात?”

आईनं डावीकडे पाहिलं. मग जिन्याकडे, मग फाटकाकडे, मग पुन्हा डावीकडे. जत्रेत हात सुटलेल्या पोरासाठी बघतात तसं. त्या दिवशी तिनं एकच ताटली मागितली आणि तीही तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी पाव भाकरी. तिसऱ्या दिवशी काही नाही.

“कुठं घालवलीस तिला?” तिनं मला विचारलं.

मी तिला समजावलं. आदरार्थी बहुवचन, मुलाची वही, चाचांचं उदाहरण. ती सगळं ऐकत होती. मग म्हणाली, “तुझा काटा बरूबर आसंल. माझी लेक कुठं हाय त्ये सांग.”

आजोबांनी एकदा केलं होतं, ते मी पुन्हा केलं होतं.

मी जिना चढून वर गेलो आणि त्या मुलाला हात जोडले. म्हटलं, पहिल्यासारखं विचार, बाबा. ‘तुम्ही दोघी’ म्हण, एवढंच.

तो उभा होता तो खाली बसला. “काका, तेव्हा मला अर्थ माहीत नव्हता. आता माहीत आहे. आता म्हटलं तर मी पाहिलं असं होईल. मी पाहिलेलं नाही.”

“ती जेवत नाही.”

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “पण मी खोटं बोलू शकत नाही.”

मला राग आला आणि वादही घालता येईना. गाडी भरलेली दाखवा म्हणून माझ्यासमोर लोकांनी हात जोडले आहेत, तेव्हा मी हेच म्हणालो आहे. मुलानं जोडीदाराला इंग्रजीत सगळं सांगितलं, तेव्हा तो हिंदीत म्हणाला, की ते दोघं उद्या दादीसाठी उपास करतील. महिन्याचा ठरलेला नव्हे, वेगळा. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. एक उपाशी होती, आता तीन झाले, एवढंच मनात आलं.

बायकोनं ते आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं हाक मारली ती वरपर्यंत ऐकू गेली. “ए वडीलधाऱ्या! माझ्यापायी उपाशी बसतूस व्हय रं? खाली ये!”

दोघं खाली आले. पाणी न घेतल्यानं त्यांचे ओठ सुकले होते. जोडीदार पायरीवर बसला. उंच मुलगा बाकड्यासमोर फरशीवर बसला, तरी त्याचे डोळे आईच्या डोळ्यांच्या रेषेत आले. बाकड्याच्या डाव्या बाजूला बसायला जागा होती. तो तिथे बसला नाही.

“आजी,” तो म्हणाला, “मला ती दिसत नाही. कधीच दिसली नाही. माझी मराठी चुकली. मला माफ करा.”

मला वाटलं, संपलं.

“पण ती आहे,” तो पुढे म्हणाला. शब्द शोधत, एकेक ठेवत. “हे मी खोटं बोलत नाही. आमच्यात असं मानतात, लहान बाळ गेलं तर ते हरवत नाही. गेलेले सगळे पुन्हा उठतील त्या दिवशी ते बाळ आईला परत मिळतं. आई त्याला वाढवते. मी हे मानतो. म्हणून मी घर सोडून आलो.”

“कवा?” आईनं विचारलं.

“ते मला माहीत नाही.”

“तवर कोन बघतंय तिच्याकडं?”

मुलानं जोडीदाराकडे पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं. मुलानं डोळे मिटले. वरची गुडघे टेकल्यानंतरची शांतता तीच होती, फक्त आता ती आमच्या ओट्यावर होती आणि वाट आई बघत होती.

“मला माहीत नाही, आजी.”

“बरं,” आई म्हणाली. “मग मीच बघते.” आणि माझ्याकडे वळून, “बघतूस काय? दोन ताटल्या आन. आन् ह्या दोघांस्नी पानी दे आधी.”

त्यांनी पाणी संध्याकाळीच घेतलं. आई मात्र जेवली.

पुढच्या महिन्यात उंच मुलाची बदली झाली. त्यांच्यात दर काही आठवड्यांनी जोड्या बदलतात. निघताना त्यानं आईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “आजी, येतो.” कशा आहात, हे त्यानं विचारलंच नाही. मला वाटतं, कुठल्या शब्दात विचारायचं हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. जोडीदारालाही दुसरीकडे पाठवलं. वरची खोली अजून रिकामी आहे.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता आई उजव्या कडेला सरून बसली होती आणि जिन्याकडे बघत होती. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. ताटल्या समोर होत्या, भाकरी कुस्करलेली नव्हती. मी दारात उभा होतो.

मी आईला जन्मापासून ‘तू’ म्हणत आलोय. आमच्याकडे आईला ‘तुम्ही’ म्हणत नाहीत. परक्या मुलाच्या तोंडी ‘तुम्ही’ हा मान असू शकतो, चूक असू शकते. माझ्या तोंडी त्याचा अर्थ एकच होतो, की समोर एकाहून जास्त माणसं आहेत. हे मला पूर्ण माहीत होतं. खोडायला माझ्याकडे वहीही नव्हती.

मी पुढे झालो आणि विचारलं, “तुम्ही दोघी कशा आहात?”

आईनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” ती म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

मग तिनं भाकरी कुस्करायला घेतली. मी आवाज न करता खालच्या पायरीवर बसलो.