जर्मनचं काम

आमच्या सेलूकडे ॲल्युमिनियमला कुणी ॲल्युमिनियम म्हणत नाही, जर्मन म्हणतात. भात शिजवायचं पातेलं, म्हणजे गंज, जर्मनचा, डब्याचं झाकण जर्मनचं. मी पीएचडीला लागलो तेव्हा वांग्याच्या वाफ्यात उभ्या असलेल्या बाबांना विषय समजावून सांगितला. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची कांडी काटकोनात वळलेल्या साच्यातून प्रचंड दाबानं ढकलायची. बाहेर येते ती तेवढीच जाड, तशीच गुळगुळीत. मग पुन्हा ढकलायची. तशी ती मजबूत होत जाते, पण आत इजाही साठत जाते आणि एखाद्या फेरीला अंगावर तडे जातात. ते कधी आणि कुठं जातील, हे संगणकावर आधी सांगणं हे माझं काम.

"म्हणजे जर्मनचं काम आहे म्हण ना," बाबा म्हणाले.

मी हो म्हणालो. ते गावभर अभिमानानं तेच सांगू लागले.

घरातला पहिला पदवीधर मी. धाकटी बहीण बारावीनंतर आईसोबत मळ्यात राबली, म्हणून मला शिकता आलं. तिला दोन ठिकाणचे पाहुणे बघून गेले होते, दोन्हीकडून नकार आला होता. सिंदीचं स्थळ मात्र जुळलं. मुलगा तिला फोन करायचा. भाजी निवडताना ती एकटीच हसायची, आणि आई ते बघून न बघितल्यासारखं करायची.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, बोलणी करायला ते लोक आले. मुलाच्या काकांनी मला जवळ बसवलं.

"मंग, केव्हा चालले जर्मनले?"

"कुठं?"

"आता लपवता काऊन जी? तुमच्या बाबांनीच सांगतलं, पोरगा जर्मनच्या कामात आहे म्हणून. आमच्या पोरालेही तिकडं ओढजा, एवढंच म्हणणं."

"काका, ते जर्मन म्हणजे आपलं गंजाचं जर्मन. ॲल्युमिनियम."

"म्हणजे इतकं शिकून गंज बनवते का हा?" त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. काका हसले नाहीत.

"म्या खोटं नाई बोललो," बाबा घाईघाईनं म्हणाले. "जर्मनच सांगतलं."

"घरी विचारून कळवतो," म्हणत काका उठले. चहा तसाच राहिला. काही दिवसांनी निरोप आला, मुलाला सध्या लग्न करायचं नाही. मुलाचा फोनही बंद झाला.

बाबांना कुणी बोल लावला नाही. तरी ते जेवताना मधेच थांबून विचारायचे, "म्या काय चुकीचं सांगतलं?"

मग आष्टीचं स्थळ आलं. बहीण अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मले आता दाखवू नका कोणाले."

"अवं, असं कसं चालंन?" आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू सांग तिले. तुयं ऐकते ते."

बहिणीकडे बघून काहीच कळत नव्हतं. हात रोजच्यासारखे चालत होते, जुड्या एकसारख्या पडत होत्या. संगणकावर मी आधीच्या फेऱ्यांची इजा मोजूनच पुढची फेरी ठरवतो. इथं तिला काय लागलं, हे आम्ही कुणी विचारलंही नव्हतं.

"आष्टीवाल्यांना नाही म्हण," मी आईला म्हणालो.

"मंग तिचं पुढं काय?"

बहिणीनं जुड्यांवर पाणी शिंपडलं, ओलं पोतं झाकलं आणि ती आत गेली.